अडीच ओळींचा दाखला

रत्नप्रभा घाडीने दाखला तीनदा वाचला, आणि तिसऱ्यांदा वाचताना तिने ओळी मोजल्या. अडीच भरल्या. डॉ. श्यामकांत टिपणीस यांचं लेटरहेड, त्यावर संगणकावर टाइप केलेला मजकूर, खाली निळ्या शाईत लांबलचक सही. 'कु. रत्नप्रभा सहदेव घाडी या माझ्या दवाखान्यात जून २०१५ पासून नोंदणी, फोन घेणे व स्वच्छता ही कामे प्रामाणिकपणे करीत आहेत. त्यांची वर्तणूक चांगली आहे.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्तणूक चांगली म्हणे. शाळा सोडताना हेडमास्तर लिहून देतात तसं. आणि स्वच्छता? दवाखान्यात झाडूपोछा करायला जयंतीमावशी येत होत्या, गेली सहा वर्षं येत होत्या, डॉक्टरांना बहुतेक त्यांचं नावही माहीत नव्हतं.

कालचीच संध्याकाळ घ्या. काल संध्याकाळी रत्नाने अकरा जणांचं बीपी बघितलं, दोघांना इंजेक्शन दिलं, विळीवर बोट कापून आलेल्या एका बाईला तीन टाके घातले, धाप लागलेल्या एका आजोबांना वाफेचं मशीन लावून ती अर्धा तास त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. सातव्या महिन्यातल्या एका पोरीच्या पायांची सूज आणि बीपीचा आकडा बघून तिच्या नवऱ्याला सांगितलं, घरी जायचं नाही, इथूनच रिक्षा कर आणि हॉस्पिटल गाठ. हे सगळं होत असताना डॉक्टर टिपणीस मुलुंडला होते. ते रोजच संध्याकाळी मुलुंडला असत.

घाटकोपरच्या पंतनगरात टिपणिसांचा दवाखाना चाळीस वर्षांचा. बाहेरच्या पाटीवर सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ अशी वेळ रंगवलेली आहे. सकाळी डॉक्टर स्वतः बसतात. संध्याकाळी मात्र मुलुंडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांची वेगळी केबिन आहे, तिथे एसी आहे, तिथले पेशंट इंग्रजीत खोकतात. मग पंतनगरातल्या पाटीचं काय करायचं? त्यावर डॉक्टरांनी फार पूर्वीच तोड काढली होती. सकाळचा चहा पिता पिता ते वीस-पंचवीस कोऱ्या लेटरहेडांवर सह्या करून ठेवत. संध्याकाळी पेशंट आला की रत्नाने त्याला तपासायचं, डॉक्टरांना फोन लावायचा, ते सांगतील ती औषधं सहीच्या वरच्या कोऱ्या जागेत लिहायची आणि चिठ्ठी पेशंटच्या हातात द्यायची. सर कुठे आहेत असं कुणी विचारलंच तर सांगायचं, राउंडला गेलेत. नऊ वर्षांत तिचं अक्षरही हळूहळू डॉक्टरांसारखं वळायला लागलं होतं. फोन लागला नाही तर? तर तिला माहीतच असायचं काय लिहायचं ते.

ती तिथे आली तीच मुळात दोन महिन्यांसाठी. बारावी सायन्सला चोपन्न टक्के पडले होते, बायोलॉजीत बरे होते, फिजिक्सने वाट लावली होती. सहदेव घाडी, म्हणजे तिचे बाबा, अंधेरीच्या एका ऑफिसात लिफ्टमन. त्यांनीच तिला डॉक्टरांकडे नेऊन उभं केलं. सुट्टीपुरतं बसू दे म्हणाले, काहीतरी शिकेल. ती शिकली, हे मात्र खरं. पहिल्या वर्षी बीपी आणि साखर, दुसऱ्या वर्षी इंजेक्शन, चौथ्या वर्षी टाके. कुणी शिकवलं असं म्हणता येत नाही. डॉक्टर एकदा करून दाखवत, आणि दुसऱ्या वेळेपासून ते मुलुंडला असत.

घाड्यांच्या घरात टिपणीस म्हणजे देव. रत्नाचे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते भटवाडीच्या टेकाडावर राहायला आले, येताना छातीत क्षय घेऊन आले. तेव्हा डॉक्टर नवे होते, तरणे होते. त्यांनी आजोबांना फुकट औषधं दिली, रात्री-अपरात्री टेकाड चढून आले. आजोबा त्यानंतर सतरा वर्षं जगले. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली जायची की रत्ना आणि तिचा धाकटा भाऊ सिद्धेश यांना ती पाठ होती. चांगला माणूस होता तो, यात शंकाच नाही. पण चाळीस वर्षांपूर्वी चांगलं वागलेल्या माणसाला आज काही विचारायचंच नाही, असा काही कायदा आहे का?

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयाच्या नळीत अडथळा निघाला आणि त्यांना मोठ्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिथे रत्नाला दिशा भेटली. रत्नाच्याच वयाची, निळ्या कपड्यांतली, गळ्यात स्टेथोस्कोप. मोठे डॉक्टर यायच्या तासभर आधी ती प्रत्येक खाटेजवळ जायची, विचारपूस करायची, तपासायची, सगळं लिहून काढायची, आणि डॉक्टर आले की एकेका पेशंटची हकीगत त्यांच्यापुढे धडाधड मांडायची. रत्नाला वाटलं शिकाऊ डॉक्टर असेल. बिल्ल्यावर 'फिजिशियन असिस्टंट' असं लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी रत्नाने तिला कॅन्टीनमध्ये गाठलंच. दिशाने सांगितलं, चार वर्षांची पदवी असते, शेवटचं वर्ष पूर्ण हॉस्पिटलात काढायचं. डॉक्टरच्या हाताखाली काम करायचं, पण कम्पाउंडर नाही आणि नर्सही नाही. डॉक्टर जे ठरवतो त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं बरंचसं काम आपलं. रत्नाने विचारलं, टाके घालता? दिशा म्हणाली, घालते की, सर सांगतात तेव्हा, आणि सर तिथे असतात. रत्ना चहा तसाच टाकून उठली. ती सात वर्षं जे करत होती त्याला जगात नाव होतं, निळे कपडे होते, बिल्ला होता. आणि तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या माणसाला हे माहीत नसेल, असं तिला त्या दिवशीही वाटलं नाही आणि पुढे कधीच वाटलं नाही.

तिने अभ्यास सुरू केला. रद्दीवाल्याकडून अकरावी-बारावीची बायोलॉजीची पुस्तकं आणली. दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून हृदयाची आकृती चिकटवली, गोळ्या काढताना दार उघडलं की डावी झडप, उजवी झडप. रविवारी सिद्धेश प्रश्न विचारायचा. तो सहार विमानतळावर कार्गोमध्ये होता, त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उत्तर चुकलं की तो पुस्तकाने टेबल वाजवायचा. अभ्यास करता करता रत्नाच्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती तिला फार झोंबली. कुठल्या दुखण्याला काय द्यायचं हे तिला दीडशे औषधांपर्यंत पाठ होतं, पण का द्यायचं हे तिला दहाचंही माहीत नव्हतं. किडनी कमजोर असलेल्याला अमुक गोळी का नाही द्यायची, असं तिने एकदा डॉक्टरांना विचारलं होतं. तुला काय करायचंय, सांगतो तेवढं कर, असं उत्तर मिळालं होतं. आता पुस्तकात ते 'का' दिसायला लागले तसतशी ती खूश होण्याऐवजी चिडत गेली.

नवी मुंबईच्या एका कॉलेजात हा कोर्स होता. लेखी परीक्षा ती चांगल्या मार्कांनी पास झाली. उरली होती मुलाखत, आणि तिच्यासोबत अनुभवाचे वीस मार्क. पाच वर्षांहून जास्त प्रत्यक्ष रुग्णसेवा केल्याचा दाखला आणला तर ते मिळणार. बारावीच्या चोपन्न टक्क्यांवर तिला त्या विसांशिवाय जागा मिळणं कठीण होतं. आणि वयाची अट सत्तावीसची. तिला सत्तावीस चालू होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते यंदाच, पुढच्या वर्षी तिला दारातही उभं केलं नसतं. तिने महिनाभर आधी डॉक्टरांकडे दाखला मागितला. आज देतो, उद्या देतो करत मुलाखतीला दहा दिवस उरले असताना त्यांनी तो दिला. अडीच ओळी.

घरी तिने तो कागद बाबांपुढे टाकला. बाबांनी चष्मा लावून तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, बरा लिवल्यानी हा. रत्ना म्हणाली, यात काय बरं लिहिलंय? मी तिथे फरशी पुसते का? बाबांनी तीच आजोबांची गोष्ट सुरू केली. ती मध्येच तोडून रत्ना म्हणाली की आजोबांच्या औषधांचे पैसे मी नऊ वर्षं फेडतेय, अजून किती फेडू? घरात असं कधी कुणी बोललं नव्हतं. बाबांचा चेहरा पडला. "त्येंचे उपकार इसारलंस गो?" एवढंच ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तिला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीनच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळचे पेशंट संपल्यावर ती डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी राहिली. खुर्चीत बसली नाही. दाखला पुढे ठेवला.

"सर, हे काय लिहिलंय?"

"जे लिहिता येतं ते." डॉक्टरांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "रत्ना, तू इंजेक्शन देतेस, टाके घालतेस, हे मी माझ्या सहीने लिहून देऊ? मेडिकल कौन्सिल माझं रजिस्ट्रेशन काढून घेईल."

"मग मला द्यायला सांगता तेव्हा?"

"तेव्हा मी फोनवर असतो."

पुढे ते समजावणीच्या सुरात बरंच बोलले. मी तुला मुलीसारखी मानतो. या वयात कुठे चार वर्षं शिकत बसणार. इथे तुला कोण काय कमी करतंय, पेशंट तुला ताई म्हणतात, मान आहे. रत्ना ऐकून घेत होती. मुलीसारखी या शब्दावर तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. डॉक्टरांची खरी मुलगी सई विलेपार्ल्याला तिच्या आजोळी राहून कॉलेजला गेली आणि आता परदेशात डोळ्यांची डॉक्टर होती. तिला कुणी सुट्टीपुरतं इथे बसवलं नव्हतं. रत्ना म्हणाली, तुम्ही खोटं लिहू नका, पण मी जे करते ते तरी लिहा. बीपी लिहा, ड्रेसिंग लिहा, वाफ लिहा.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते पहिल्यांदाच चिडलेले दिसले.

"सगळंच लिहायचं म्हणतेस? मग चंद्रप्रकाशचंही लिहू?"

रत्नाने टेबलावरचा दाखला उचलला.

चंद्रप्रकाश स्टेशनजवळ केळी विकायचा. सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो कंबर धरून आला. फोनवर डॉक्टर म्हणाले, दुखण्याचं इंजेक्शन देऊन टाक. तिने दिलं. पाच मिनिटांत त्याचा श्वास अडकायला लागला, ओठ काळे पडले. त्याला लहानपणापासून दमा होता, आणि दम्याच्या काही माणसांना ते इंजेक्शन सोसत नाही. तिने विचारलं नव्हतं, कारण विचारायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. रिक्षात त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती हॉस्पिटलापर्यंत देवाचा धावा करत गेली. तो वाचला. डॉक्टरांनी ते प्रकरण निस्तरलं, कुठे चकार शब्द निघाला नाही. तिला एवढंच म्हणाले, दमा आहे का विचारायला हवं होतंस. त्यानंतर कित्येक महिने ती झोपेतून दचकून उठायची. आजही ती प्रत्येक माणसाला, नुसता खरचटून आला तरी, दमा आहे का म्हणून विचारते. पेशंट हसतात.

सहा वर्षं डॉक्टरांनी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. मोठ्या मनाने विसरले असतील, असं तिला वाटत होतं. तर ते त्यांनी नीट जपून ठेवलं होतं, वेळेला उपयोगी पडेल म्हणून. रत्ना बाहेर आली. पंतनगरातून भटवाडीपर्यंतचा चढ ती कशी चढली हे तिला आठवत नाही. अर्ध्या वाटेवर मात्र ती थांबली. सुई माझ्या हातात होती, ती चूक माझी, ती मी मरेपर्यंत वागवीन. पण त्या वेळी डॉक्टर कुठे होते? हा प्रश्न सहा वर्षांत तिने एकदाही विचारला नव्हता, त्यांनाही नाही आणि स्वतःलाही नाही. तिला इतका संताप आला की रस्त्यात उभ्या उभ्या तिला रडू फुटलं.

सिद्धेशने ऐकून घेतलं आणि सरळ तोड सांगितली. "ताई, त्यांच्या सह्यांचा गठ्ठा तुझ्याच ड्रॉवरमध्ये असतो ना? लिही ना तूच. खोटं थोडीच लिहिणारेस?"

तिने खरंच लिहिलं. दुसऱ्या संध्याकाळी गर्दी नव्हती तेव्हा एक कोरा कागद ओढला आणि सहीच्या वर बारीक अक्षरात नऊ वर्षं लिहून काढली. पान भरलं. एकही शब्द वाढवून लिहिला नव्हता आणि सहीदेखील अस्सल होती. कुणाच्या बापाला संशय आला नसता. तिने ते वाचलं आणि तिला शिसारी आली. त्यांच्या नावाने, त्यांच्यासारख्या अक्षरात, ते नसताना लिहायचं, हेच तर ती रोज करत आली होती. इथून सुटायलाही तेच करायचं? तिने कागद बारीक फाडून कचऱ्यात टाकला. मग ड्रॉवरमधले उरलेले सगळे सही केलेले कागद उचलून डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवले, वर पेपरवेट ठेवला.

त्यानंतरच्या संध्याकाळी पंतनगरच्या लोकांनी एक नवीनच प्रकार बघितला. रत्नाताई खुर्चीवर हाताची घडी घालून बसल्या होत्या आणि समोरच्या काचेवर चिकटपट्टीने एक कागद लावलेला होता. अडीच ओळींचा. पेशंट आला की ती त्याचं नाव-पत्ता वहीत लिहायची आणि सांगायची, बसा, डॉक्टर मुलुंडला आहेत, आल्यावर बघतील. मुलुंडला? राउंडला ना? नाही, मुलुंडला. लोक काचेवरचा कागद वाचायचे, तिच्याकडे बघायचे, काही समजायचे, काही पुन्हा वाचायचे. सात वाजता डॉक्टरांचा फोन आला, अमक्याला अमुक इंजेक्शन दे म्हणून. तिने शांतपणे सांगितलं, सर, नोंदणी केलीय, फोनही घेतला, आता स्वच्छता करते. आणि फोन ठेवून तिने खरोखरच झाडू हातात घेतला. खरा अडलेला त्या दिवशी एकच आला, छातीत कळा येणारे एक गृहस्थ. त्यांना तिने दोन मिनिटांत रिक्षात घालून, शेजारच्या मेडिकलवाल्याला सोबत देऊन हॉस्पिटलात धाडलं. भांडण तिचं डॉक्टरांशी होतं, पेशंटशी नव्हतं.

दोन संध्याकाळी असंच चाललं. तिसऱ्या दिवशी बाकं भरली, माणसं पायरीवर बसली, एक पारशीण बाई काठी आपटत डॉक्टरांच्या घरी फोन करते म्हणायला लागली. साडेसात वाजता डॉक्टरांची गाडी येऊन थांबली. मुलुंडची केबिन अर्ध्यावर टाकून ते आले होते. रात्री दहापर्यंत त्यांनी एकट्याने पेशंट तपासले, स्वतः सुया दिल्या, स्वतः जखमा बांधल्या. वय झालेलं होतं त्यांचं. रत्ना नावं लिहीत राहिली. शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी काचेवरचा कागद ओढून काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोर नवा दाखला ठेवला. पानभर होता. बीपी, साखर, ड्रेसिंग, वाफ, टाके, इंजेक्शन, सगळं होतं. आता खूश ना, त्यांनी विचारलं. ती वाचत होती. प्रत्येक वाक्याच्या शेपटाला एकच गोष्ट बांधलेली होती: 'माझ्या प्रत्यक्ष उपस्थितीत व थेट देखरेखीखाली.' त्यांनी स्वतःला कसं सोडवून घेतलं होतं बघा. तिने घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि आभार मानले नाहीत. घरी बाबांनी मात्र तो कागद देवासमोर ठेवून नमस्कार केला. बघ, मी म्हटलं नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मुलाखतीला तिघं बसले होते. मधोमध डॉ. रेवती मॅडम, पिकलेले आखूड केस, समोर तांबडं पेन. लेखीबद्दल दोन प्रश्न झाले, त्यांची उत्तरं तिने धडाधड दिली. मग मॅडमनी दाखला वाचायला घेतला. सावकाश, ओळीवर पेन फिरवत.

"बरंच काम केलंय की. आणि डॉक्टर प्रत्येक वेळी शेजारी असायचे?"

एक हो म्हटलं की वीस मार्क. सत्तावीस वर्षं, पुढे दार बंद. रत्नाने तोंड उघडलं तेव्हा तिला खरंच माहीत नव्हतं काय बाहेर पडणार आहे.

"नाही," ती म्हणाली. "ते नसायचे. हे खोटं लिहिलंय."

आणि मग तिला थांबता आलं नाही. सह्यांचे कोरे कागद सांगितले, फोन सांगितला, चंद्रप्रकाश सांगितला. त्याचे काळे पडलेले ओठ सांगितले. आवाज चढला होता, तिला कळत होतं, पण तो खाली येईना. तिघांपैकी एकाने खिडकीकडे बघितलं. मॅडमनी दाखला पालथा ठेवला आणि तिच्यासमोरच अनुभवाच्या रकान्यात तांबड्या पेनाने शून्य काढलं.

"हे मला द्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि तुमची मला दुसरीच काळजी वाटते. पहिली दोन वर्षं इथे पेशंटला हात लावू देत नाहीत. उभं राहून बघायचं. तुमचे हात एव्हाना सवयीने पुढे होतात. आम्ही थांब म्हटल्यावर थांबणार आहात?"

"नऊ वर्षांत मला कुणी थांब म्हटलंच नाही मॅडम," रत्ना म्हणाली. "ते ऐकायलाच आलेय."

मॅडमनी मुलाखतीच्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि पुढच्या उमेदवाराला बोलवायला सांगितलं.

शुक्रवारी यादी लागली. तीस जागा होत्या. एकोणतिसाव्या नंबरावर तिचं नाव होतं: अनुभव शून्य, मुलाखत वीसपैकी एकोणीस. बाबांनी शून्य बघून विचारलं, त्यांचा दाखला चालला नाय काय गो? नाही चालला, असं तिने सांगितलं. का, ते बाबांनी विचारलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी आजोबांची गोष्टही काढली नाही.

सोमवारी सकाळी ती दवाखान्यात गेली, ड्रॉवरची किल्ली टेबलावर ठेवली आणि पहिल्या तारखेपासून येणार नसल्याचं सांगितलं. डॉक्टर चहा पीत होते. समोर कोऱ्या लेटरहेडांचा गठ्ठा होता, पेनाचं टोपण काढलेलं होतं. त्यांनी अभिनंदन केलं, अगदी मनापासून केलं असावं. मग पेन तसंच हातात धरून, खरंच काही सुचत नसल्यासारखं त्यांनी विचारलं,

"पण रत्ना, संध्याकाळचे पेशंट बघणार कोण?"

"डॉक्टर," ती म्हणाली, आणि बाहेर येऊन तिने चपला घातल्या.